नैनवाचे दगड, आजचे रंग

ताइफच्या सफरीचा प्रसंग आपल्या घरांत सीरतच्या पुस्तकांतून पुन्हा पुन्हा वाचला जातो. दगडांचा मार सोसून रक्तबंबाळ झालेले प्रेषित (स.) एका बागेत विसावले, तेव्हा अद्दास नावाचा एक ख्रिस्ती गुलाम त्यांच्यासाठी द्राक्षे घेऊन आला. तू कुठला, असे त्यांनी विचारले. त्याने नैनवाचे नाव सांगितले. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या गावाची ओळख हजरत यूनुस (अलै.) यांचे गाव अशी सांगितली आणि अद्दास चकित झाला. इतक्या दूर, अरबस्तानच्या डोंगरात, आपल्या गावाचे आणि आपल्या नबीचे नाव कुणाला ठाऊक असेल, असे त्याला वाटले नव्हते.

हे नैनवा म्हणजे आजच्या इराकमधील मोसुल शहराचाच एक भाग. दजला नदीच्या एका काठाला जुने मोसुल, तर दुसऱ्या काठाला नैनवाचे भग्न तट. इतिहासात हे शहर असीरियन साम्राज्याची राजधानी म्हणून प्रसिद्ध आहे. या साम्राज्याच्या राजांनी आपल्या महालांच्या भिंतींवर दगडी फलक कोरून घेतले. अडीच-पावणेतीन हजार वर्षांनंतर आजचे चित्रकार त्या फलकांकडे वळले आहेत. त्यांच्यापैकी बरेचजण इराकचे आहेत आणि बरेचसे मुस्लिम घरांत जन्मलेले आहेत. ते या फलकांत काय पाहतात आणि त्यातून काय घडवतात, हे या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी हेच दगड इस्लामचे नाव घेऊन फोडले गेले. त्यामुळे हा विषय केवळ कलेच्या जाणकारांपुरता राहिलेला नाही. त्याचा संबंध आपल्या घरांशीही आहे.

भिंतीवर कोरलेला दरारा

असीरियन राजा दुसरा अशुरनासिरपाल याने इ.स.पू. नवव्या शतकात निमरूद येथे मोठा महाल बांधला. निमरूद मोसुलपासून दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटरवर आहे. महालाच्या मातीच्या विटांच्या भिंतींना आतून माणसापेक्षा उंच दगडी फलक लावलेले होते. हा दगड म्हणजे त्या भागात सहज मिळणारा जिप्सम. लोक त्याला मोसुलचा संगमरवर म्हणतात. तो मऊ असल्याने त्यावर बारीक काम करता येते. दाढीचा प्रत्येक कुरळा केस, बाहीवरची नक्षी, दंडाचे फुगलेले स्नायू, सारे काही छिन्नीने उमटवलेले आहे. फलकाच्या मधोमध, आकृतींच्या अंगावरूनच, कीलाकार लिपीत राजाची स्तुती कोरलेली असते. महालाच्या दारांवर लमासू उभे असत. धड बैलाचे किंवा सिंहाचे, पंख गरुडाचे आणि चेहरा दाढीवाल्या माणसाचा. या लमासूला पाय पाच असतात. समोरून पाहिले तर तो स्थिर उभा दिसतो आणि बाजूने पाहिले तर चालताना दिसतो. दोन्हीकडून पाय बरोबर दिसावेत म्हणून कारागिराने एक पाय जास्तीचा दिला.

आज संग्रहालयांत हे फलक मातकट, फिकट दिसतात. मुळात ते रंगवलेले होते. काळा, पांढरा, लाल आणि निळा रंग त्यांच्या खाचांत अजून सापडतो. म्हणजे ज्याला आपण शिल्प म्हणतो, ते त्या काळी शिल्प आणि चित्र दोन्ही होते.

या फलकांची सांगण्याची रीत वेगळी आहे. चेहरे बाजूने दिसतात. महत्त्वाचा माणूस मोठा, सामान्य माणूस लहान. नदी दाखवायची तर लाटांच्या रेषा आणि त्यातून आरपार दिसणारे मासे. एकाच पट्टीवर लढाई सुरू होते, शहर पडते आणि कैदी चालू लागतात. पाहणाऱ्याने भिंतीच्या कडेने चालत जायचे आणि गोष्ट वाचत जायची.

ही गोष्ट मात्र दयेची नव्हती. सेन्नाखेरिब राजाच्या नैनवा येथील महालात लाखीश शहराच्या पाडावाचे फलक होते. त्यात बैलगाड्यांवर सामान लादून, मुलाबाळांसह निघालेली माणसे दिसतात. पुढे अशुरबनिपाल राजाच्या एका फलकात राजा आणि राणी बागेत मेजवानी घेत बसले आहेत आणि शेजारच्या झाडाला पराभूत एलामी राजाचे शीर टांगलेले आहे. राजाला भेटायला येणाऱ्या परक्या वकिलांनी हे पाहावे आणि मान खाली घालावी, हा त्यामागचा हेतू.

पण कारागिराचा हात कधीकधी हुकुमापलीकडे जातो. अशुरबनिपालच्या महालात सिंहाच्या शिकारीचे फलक होते. त्यांच्यात बाणांनी घायाळ झालेली एक सिंहीण आहे. तिचे मागचे पाय लुळे पडले आहेत, तरी पुढच्या पायांवर अंग रेटत ती मान वर करून गुरगुरते आहे. फलक राजाच्या शौर्यासाठी कोरला गेला, पण पाहणाऱ्याचे मन सिंहिणीकडे जाते. आमच्या मते आजच्या चित्रकारांना या दगडांत जो धागा सापडला, तो इथेच आहे. जिंकणाऱ्याच्या भिंतीवरून त्यांनी हरलेल्याचे दुःख उचलले.

मुंबईमार्गे लंडन

इ.स.पू. ६१२ मध्ये बाबिलोनी आणि मीड सैन्यांनी नैनवा पाडले. महाल कोसळले आणि मातीखाली गेले. १८४३ मध्ये फ्रेंच वकील बोत्ता याने खोर्साबाद येथे आणि १८४५ मध्ये इंग्रज प्रवासी लेयार्ड याने निमरूद येथे खोदकाम सुरू केले. सिंहाच्या शिकारीचे प्रसिद्ध फलक १८५३ मध्ये होर्मुझ्द रस्साम यांना सापडले. ते मोसुलचेच, तेथील ख्रिस्ती घराण्यात जन्मलेले.

निमरूदचे फलक लंडनला पोहोचले त्या वाटेवर आपली मुंबईही आहे. हवा भरलेल्या कातडी पखालींच्या तराफ्यांवरून हे दगड दजला नदीतून बसऱ्यापर्यंत आले, तेथून जहाजाने मुंबईला आणि मुंबईहून पुढे इंग्लंडला गेले. मुंबईच्या बंदरात काही पेट्या उघडल्या गेल्या आणि शहरातील लोकांनी ते दगड पाहिले. काही फलक मुंबईतच राहिले. आज ते छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात आहेत. मुंबईला जाणाऱ्या आपल्या वाचकांना लंडन न गाठताही नैनवाच्या परिसरातील कारागिराचे काम डोळ्यांनी पाहता येते.

बगदादची शाळा

हे दगड युरोपात गेले आणि तेथील संग्रहालयांची शोभा झाले. इराकच्या तरुण चित्रकारांना ते आपले म्हणून सापडायला विसावे शतक यावे लागले. या बाबतीत पहिले नाव जवाद सलीम यांचे.

जवाद सलीम यांचा जन्म १९१९ चा. वडील लष्करात अधिकारी आणि हौशी चित्रकार. जवाद पॅरिसला शिकायला गेले, मग रोमला गेले, पण दुसरे महायुद्ध पेटल्याने त्यांना परतावे लागले. बगदादमध्ये त्यांना पुराणवस्तू खात्यात काम मिळाले. जुन्या मूर्ती आणि फलक सांधणे, त्यांच्या प्रतिकृती करणे हे ते काम. युरोपात जे शिकायचे राहिले, ते या खात्याने वेगळ्या रीतीने शिकवले. रोज हाताखालून सुमेर, बाबिलोन आणि असीरियाचे दगड जात होते. पुढे लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकून ते परत आले आणि १९५१ मध्ये शाकिर हसन अल सईद आदी मित्रांसह त्यांनी बगदाद आधुनिक कला गट स्थापन केला.

या गटाचा विचार साधा होता. युरोपची नक्कल करायची नाही आणि जुन्याचीही नक्कल करायची नाही. आपल्या वारशातून प्रेरणा घ्यायची आणि आजच्या माणसाबद्दल बोलायचे. अरबीत त्याला ‘इस्तिल्हाम अत्तुरास’ म्हणत. ‘इल्हाम’ आणि ‘तुरास’ म्हटले की उर्दू जाणणाऱ्या वाचकांना अर्थ लगेच कळेल. हा वारसा त्यांनी तुकड्यांत वाटून घेतला नाही. तेराव्या शतकातील बगदादचे मुस्लिम चित्रकार यह्या अल वासिती यांनी ‘मकामात’ या ग्रंथासाठी काढलेली चित्रे त्यांना जितकी आपली वाटत, तितकेच नैनवाचे फलकही आपले वाटत. इस्लामपूर्व आणि इस्लामोत्तर अशी भिंत त्यांनी आपल्या कागदावर उभी केली नाही.

राजा नसलेली भिंत

१४ जुलै १९५८ रोजी इराकमध्ये राजेशाही संपली. नव्या सरकारचे प्रमुख अब्दुल करीम कासिम यांच्या काळात बगदादच्या मध्यभागी एक स्मारक उभारायचे ठरले. वास्तुकार रिफअत चादिरजी यांनी रस्त्यावरून उंच उचललेली, सुमारे पन्नास मीटर लांबीची पांढरी चौकट कल्पिली. मोर्चात दोन हातांनी धरलेल्या फलकासारखी ती दिसते. तिच्यावर बसवायची ब्राँझची उठावशिल्पे जवाद सलीम यांनी घडवली. त्याचे नाव ‘नस्ब अल हुर्रिया’, म्हणजे स्वातंत्र्याचे स्मारक.

असीरियन महालाची भिंत जशी चालत चालत वाचायची असते, तसेच हे स्मारकही वाचायचे असते. अरबी लिपीप्रमाणे उजवीकडून डावीकडे. सुरुवातीला उधळलेला घोडा, मग निदर्शक, लहान मूल, रडणाऱ्या बायका, मेलेल्या लेकराला कवटाळणारी आई, तुरुंगातला कैदी. मध्यभागी गज तोडून झेपावणारा सैनिक. त्यानंतर शांतता, दजला आणि फुरात या नद्यांची प्रतीके असलेल्या दोन स्त्रिया, शेतकरी, बैल आणि शेवटी कामगार. अंगांचा भरीवपणा, बाजूने दिसणारे चेहरे, पट्टीवर पुढे सरकणारी गोष्ट, हे सारे जुन्या दगडांकडून आलेले आहे. पण एक मोठा फरक आहे. या भिंतीवर राजा नाही. ज्यांच्या राजवटीत स्मारक उभे राहिले त्या कासिम यांचीही प्रतिमा त्यात नाही. जुन्या फलकांत ज्यांना साखळीत बांधून चालवले होते, ती माणसे इथे गोष्टीचे धनी झाली आहेत.

जवाद सलीम यांना हे स्मारक पूर्ण झालेले पाहता आले नाही. जानेवारी १९६१ मध्ये, कामाच्या ओझ्यातच, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ४१. सहकारी मोहम्मद गनी हिकमत आणि पत्नी लोर्ना सलीम यांच्या मदतीने उरलेले काम पुरे झाले. त्यानंतर इराकमध्ये किती राज्यकर्ते आले आणि गेले, किती पुतळे उभे राहिले आणि पाडले गेले. हे स्मारक मात्र टिकले. २०१९ मध्ये रोजगार आणि स्वच्छ कारभार मागणारी तरुण पिढी बगदादच्या तहरीर चौकात जमली, ती याच भिंतीखाली.

जखमेचे चित्र

पुढच्या पिढीतले दिया अल अझ्झावी यांचा जन्म १९३९ चा, बगदादचा. त्यांनी दिवसा पुरातत्त्वशास्त्राचे शिक्षण घेतले की कलेचे, असा प्रश्नच येत नाही. त्यांनी दोन्ही घेतले. १९६२ मध्ये पुरातत्त्वाची पदवी आणि १९६४ मध्ये कलेचा अभ्यासक्रम पुरा केला. पुराणवस्तू खात्यात त्यांनीही नोकरी केली आणि १९७६ मध्ये ते लंडनला गेले. गिलगामेशची प्राचीन कथा, जुन्या मूर्तींचे मोठे डोळे, फलकांवरची दाटी आणि अरबी अक्षरे, हे सारे त्यांच्या चित्रांत एकत्र नांदते.

१९८२ च्या सप्टेंबरात बैरूतच्या सब्रा आणि शतीला छावण्यांत पॅलेस्टिनी निर्वासितांची कत्तल झाली. अझ्झावी यांनी तिच्यावर चार भागांचे, सुमारे साडेसात मीटर लांब आणि तीन मीटर उंच चित्र काढले. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यात रंग फार थोडे आहेत. तुटलेले हात, उघडी तोंडे, मोडकी घरे एकमेकांत घुसलेली आहेत आणि डोळा कुठे एका जागी थांबत नाही. या चित्राची तुलना लोक बहुधा पिकासोच्या ‘गेर्निका’शी करतात. ती योग्यच आहे. पण आम्हांला त्यात लाखीशच्या फलकाचीही आठवण होते. तोच लांबलचक पट, तीच माणसांची दाटी, तेच घर सुटलेले लोक. फरक इतकाच की तिथे कोरणारा विजेत्याच्या पदरी होता आणि इथला चित्रकार मेलेल्यांच्या बाजूने उभा आहे.

हना मलल्लाह या १९५८ मध्ये जन्मलेल्या चित्रकर्तीची रीत आणखी वेगळी. त्या शाकिर हसन अल सईद यांच्या शिष्या. युद्धे, निर्बंध आणि बाँबवर्षाव त्यांनी बगदादमध्ये राहून सोसला. २००६ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. त्या कापड जाळतात, फाडतात, काळे करतात आणि त्या भग्न तुकड्यांतून चित्र उभे करतात. शहर उद्ध्वस्त झाले, तर चित्राने नीटनेटके का दिसावे, असा जणू त्यांचा सवाल आहे.

जिवंत असीरियन

असीरिया म्हटले की आपल्याला केवळ जुने दगड आठवतात. पण स्वतःला असीरियन म्हणवणारा समाज आजही इराक, इराण, सीरिया, तुर्कस्तान आणि परदेशांत आहे. धर्माने हे लोक ख्रिस्ती आहेत आणि घरात आरामी भाषेचे आजचे रूप बोलतात. हजरत यूनुस (अलै.) यांच्या गावाने तौबा केली, त्याची आठवण म्हणून ते दरवर्षी तीन दिवस उपवास धरतात. कुरआनने ज्या कौमचा अपवाद म्हणून उल्लेख केला, की तिने वेळीच ईमान आणले आणि तिच्यावरचा अजाब टळला, तिचीच ही आठवण.

या समाजातले हनिबाल अल्खास इराणमध्ये १९३० मध्ये जन्मले. अमेरिकेत शिकागोला कला शिकून ते परतले, तेहरानमध्ये ‘गिलगामेश’ नावाचे कलादालन त्यांनी सुरू केले आणि तेहरान विद्यापीठात कित्येक तरुणांना चित्रकला शिकवली. असीरियन फलकांसारख्या भरीव, दाट आकृती त्यांच्या मोठमोठ्या चित्रांत येतात. पण त्या सैनिकांच्या नसून साध्या माणसांच्या असतात. याच चित्रकाराने हाफिज शिराजी यांच्या गजलांचा आपल्या असीरियन भाषेत अनुवाद केला. ख्रिस्ती घरातला एक माणूस मुस्लिम शायराला आपल्या मातृभाषेत आणतो आणि मुस्लिम विद्यार्थ्यांना रेषा शिकवतो. त्या प्रदेशाची खरी रीत ही आहे. २०१० मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले.

हातोड्याचे दिवस

२००३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी फौजा बगदादमध्ये शिरल्या आणि त्या गोंधळात इराकच्या राष्ट्रीय संग्रहालयाची लूट झाली. सुमारे पंधरा हजार वस्तू गेल्या. तेलाच्या मंत्रालयावर पहारा बसला, पण संग्रहालय उघडे राहिले, हे दुःख इराकी लोक आजही सांगतात.

जून २०१४ मध्ये ‘दाइश’ने मोसुल ताब्यात घेतले. जुलैत हजरत यूनुस (अलै.) यांच्या नावाची मशीद आणि मजार सुरुंगाने उडवली. फेब्रुवारी २०१५ मध्ये मोसुलचे संग्रहालय आणि नैनवाच्या नेर्गल दरवाजावरचा लमासू फोडतानाचे चित्रण जगाला दाखवले. त्यानंतर काही आठवड्यांत निमरूदचा अशुरनासिरपालचा महाल उद्ध्वस्त केला. मूर्तिपूजा मिटवत आहोत, असा त्यांचा दावा. पण त्याच टोळीने जून २०१७ मध्ये मोसुलची अन्नूरी जामा मशीद आणि बाराव्या शतकातला तिचा कललेला ‘हदबा’ मिनारही उडवून दिला. ज्यांनी मशिदी सोडल्या नाहीत, त्यांचे भांडण मूर्तींशी होते यावर कोण विश्वास ठेवील? शिवाय फोडण्याजोगे दगड त्यांनी कॅमेऱ्यासमोर फोडले आणि उचलण्याजोग्या वस्तू विकायला काढल्या. हजरत यूनुस (अलै.) यांच्या मजारीच्या खाली त्यांनी अशाच लुटीसाठी बोगदे खणले. शहर मुक्त झाल्यावर तज्ज्ञ आत उतरले, तेव्हा त्या बोगद्यांत एसारहद्दोन राजाच्या महालाचे अवशेष दिसले.

आपल्या घरांत प्रतिमांविषयी मते वेगवेगळी आहेत. कुणी भिंतीवर तसबीर लावत नाही, कुणी लावतो. उलमांमध्येही या प्रश्नावर बारकाव्याने चर्चा झालेली आहे आणि ती चर्चा मोडीत काढण्याचा आमचा इरादा नाही. आम्ही इतिहासातली एकच गोष्ट समोर ठेवतो. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांनी इराण्यांची राजधानी मदाइन जिंकली. किसराच्या दिवाणखान्यात त्यांनी नमाज अदा केली. तेथे असलेल्या आकृती त्यांनी तशाच राहू दिल्या, असे इतिहासकार तबरी यांनी नमूद केले आहे. मोसुल आणि नैनवाही त्याच खिलाफतीत मुस्लिम राज्यात आले. सहाबांनी नैनवा आणि मिसर पाहिले आणि तेथील जुन्या खुणा पुढच्या पिढ्यांना पाहायला शिल्लक राहिल्या. जमिनीवर फिरा आणि आधीच्या कौमांचे काय झाले ते पाहा, असे कुरआन वारंवार सांगते. पाहायचे असेल तर पाहण्याजोगे काही शिल्लक असावे लागते. मगरूर राजाचा पडलेला महाल हा उपदेशाचा केवढा मोठा धडा आहे!

खजुराच्या डब्यांचा लमासू

फोडलेल्या दगडांचे पुढे काय झाले? एक उत्तर मायकेल राकोविट्झ या कलावंताने दिले. त्यांचा जन्म १९७३ मध्ये अमेरिकेत झाला, पण आईचे आईवडील बगदादचे ज्यू. १९४० च्या दशकात त्यांना इराक सोडावा लागला होता. घरात बोलणे, खाणे आणि आठवणी बगदादच्याच होत्या.

ब्रुकलिनच्या एका दुकानात राकोविट्झ यांना खजुराच्या शिऱ्याचा, म्हणजे दिब्सचा, डबा मिळाला. त्यावर लेबनॉनचा माल असे छापले होते. चौकशी केल्यावर कळले की शिरा बगदादचा, डब्यात भरला सीरियात आणि बाहेर पाठवला लेबनॉनमधून. निर्बंधांमुळे इराकच्या खजुरालाही स्वतःचे नाव लपवून प्रवास करावा लागत होता. रमजानमध्ये खजुराने इफ्तार करणाऱ्या आपल्या घरांना या गोष्टीतली कळ वेगळी सांगावी लागणार नाही.

२००७ पासून राकोविट्झ इराकच्या संग्रहालयातून लुटल्या गेलेल्या वस्तू नव्याने बनवत आहेत. दगडातून नव्हे, तर अरबी वर्तमानपत्रे आणि खाद्यपदार्थांची रंगीत वेष्टने चिकटवून. २८ मार्च २०१८ रोजी लंडनच्या ट्रफाल्गर चौकातील रिकाम्या चौथऱ्यावर त्यांचा लमासू उभा राहिला. नेर्गल दरवाजावर फोडल्या गेलेल्या लमासूच्याच मापाचा, पण दिब्सच्या १०,५०० रिकाम्या डब्यांचा. दोन वर्षे तो तिथे होता.

निमरूदच्या महालाच्या खोल्याही त्यांनी अशाच उभारल्या. चहा, मसाले, खजूर आणि मिठाईच्या वेष्टनांतून पंखवाल्या आकृती साकारल्या. लाल, निळे, पिवळे रंग त्यांवर पुन्हा आले. मूळ फलक रंगीत होते, हे आठवले की ही गंमत अधिकच पटते. त्यांनी एक नेम पाळला. २०१५ मध्ये जे फलक महालात होते आणि उद्ध्वस्त झाले, तेवढेच त्यांनी बनवले. त्याआधी जे उचलून युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत नेले गेले, त्यांची जागा भिंतीवर कोरी ठेवली. त्या कोऱ्या जागा पाहणाऱ्याला आपोआप विचारतात, की हातोड्याने नेलेले ते नुकसान, मग जहाजाने नेलेले काय? एकाच भिंतीवर दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी उभे राहतात. त्यांतला कोणताही प्रश्न दुसऱ्याला झाकत नाही.

माती अजून बोलते

मोसुलमध्ये आता बांधकामाचे आवाज आहेत. हदबा मिनार पुन्हा उभा राहिला आहे. शेजारची चर्चही दुरुस्त होत आहेत. २०२२ मध्ये ‘दाइश’ने पाडलेला नैनवाचा माश्की दरवाजा सांधताना इराकी आणि अमेरिकी तज्ज्ञांना सेन्नाखेरिबच्या काळातले कोरीव फलक सापडले. त्यांच्यावर सैनिक, डोंगर, अंजिराची आणि डाळिंबाची झाडे आहेत. जिथे सारे संपवल्याचा डंका पिटला होता, तिथेच मातीने आणखी काही पुढे केले.

या साऱ्यातून आम्हांला एक गोष्ट घेण्याजोगी वाटते. अशुरबनिपालने लोकांनी घाबरावे म्हणून भिंती कोरल्या. जवाद सलीम, अझ्झावी, मलल्लाह, अल्खास आणि राकोविट्झ यांनी त्याच भिंतींची भाषा घेतली आणि ती कैद्याच्या, आईच्या, घर सुटलेल्याच्या तोंडी दिली. यांत मुस्लिम आहेत, ख्रिस्ती आहेत, ज्यू आहेत. वारसा एकाचा नव्हता, म्हणून तो सांधण्याचे कामही एकट्याचे नाही. उलट तोडणारे स्वतःला एकट्याच धर्माचे वारस म्हणवत होते आणि त्यांनी त्या धर्माच्या मशिदीही तोडल्या.

सुट्टीत मुलांना घेऊन मुंबईला जाणे झाले, तर वास्तुसंग्रहालयातल्या त्या असीरियन फलकांपुढे थोडा वेळ जरूर थांबावे. फलकांवरची कीलाकार अक्षरे मुलांना दाखवावीत. हा दगड अद्दासच्या मुलुखातून, हजरत यूनुस (अलै.) यांच्या गावाच्या आसपासहून, नदी आणि समुद्र ओलांडून आला, हे त्यांना सांगावे. तो कोरून घेणारा राजा स्वतःला जगाचा बादशहा म्हणवत असे, हेही सांगावे. आज त्याचे तख्त कुठे आहे, हा प्रश्न मग मुले स्वतःच विचारतील. त्याचे उत्तर द्यायला मोठ्या ग्रंथाची गरज नाही. आणि घरी परतल्यावर त्यांच्या हाती कागद आणि रंग दिलेत, तर त्या दगडातून त्यांना काय सुचते, तेही पाहण्याजोगे असेल.